स्पॅनिशचा साधा भविष्यकाळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी भाषकांना स्पॅनिश शिकवताना भविष्यकाळाच्या धड्यापाशी दर वर्षी तेच प्रश्न थोड्याफार फरकाने पुन्हा येतात. ते येथे सोप्याकडून अवघडाकडे या क्रमाने मांडले आहेत. स्पॅनिश शब्द लॅटिन अमेरिकेतील उच्चाराला धरून देवनागरीत लिहिले आहेत. स्पॅनिश लिहिताना क्रियापदातील ज्या स्वरावर छोटी तिरपी रेघ, म्हणजे आघातचिन्ह, काढावे लागते, त्या स्वरापुढे या पानावर अवग्रह (ऽ) दिला आहे. म्हणून 'आब्लाराऽ' असे दिसले, तर शेवटच्या 'आ'वर उच्चाराचा जोर आहे आणि लेखनात रेघही आहे असे समजावे.

१. नियमित क्रियापदाचा भविष्यकाळ नेमका कसा बनवायचा?

शब्दकोशात क्रियापद ज्या रूपात सापडते ते रूप (वर्गात त्याला इन्फिनिटिव्ह म्हणतात, येथे कोशरूप म्हणू) जसेच्या तसे घ्यावे, त्यातले एकही अक्षर गाळू नये, आणि त्याच्या शेवटी सहांपैकी योग्य तो प्रत्यय जोडावा. प्रत्यय असे आहेत : एऽ, आऽस, आऽ, एमोस, एऽइस, आऽन. 'आब्लार' म्हणजे बोलणे, 'कोमेर' म्हणजे खाणे आणि 'बिबीर' म्हणजे राहणे किंवा जगणे. या तिघांची रूपे पुढीलप्रमाणे होतात.

| कर्ता | आब्लार | कोमेर | बिबीर |
|---|---|---|---|
| यो (मी) | आब्लारेऽ | कोमेरेऽ | बिबिरेऽ |
| तू (तू) | आब्लाराऽस | कोमेराऽस | बिबिराऽस |
| एल, एया, उस्तेद (तो, ती, आपण) | आब्लाराऽ | कोमेराऽ | बिबिराऽ |
| नोसोत्रोस (आम्ही, आपण सगळे) | आब्लारेमोस | कोमेरेमोस | बिबिरेमोस |
| बोसोत्रोस (तुम्ही, स्पेनमध्ये) | आब्लारेऽइस | कोमेरेऽइस | बिबिरेऽइस |
| एयोस, एयास, उस्तेदेस (ते, त्या, तुम्ही) | आब्लाराऽन | कोमेराऽन | बिबिराऽन |

तक्त्यातील 'तू (तू)' ही छपाईची चूक नाही. स्पॅनिशचा 'तू' आणि मराठीचा 'तू' हे एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेले सख्खे शब्द आहेत.

२. 'आर', 'एर' आणि 'ईर' या तिन्ही गटांना खरोखरच एकच प्रत्यय लागतात का?

होय. वर्तमानकाळात आणि भूतकाळात गटागटाने प्रत्यय बदलतात, त्यामुळे विद्यार्थ्यांना येथेही काहीतरी गोम असावी असे वाटत राहते, पण तशी ती नाही. गटाची ओळख सांगणारा स्वर कोशरूपातच असतो आणि कोशरूप तर आपण पूर्ण ठेवलेले असते. मराठी भाषकाने याची तक्रार करू नये, कारण आपल्याकडे 'मी करीन, तो करील' पण 'मी बसेन, तो बसेल' असा ई-एचा भेद व्याकरणाची पुस्तके सांगतात आणि आपल्यापैकी बरेच जण तो बोलताना पाळतही नाहीत.

३. मी वर्तमानकाळाप्रमाणे आधी 'आर' काढून टाकतो आणि मग प्रत्यय लावतो. त्याने काय बिघडते?

अर्थ उलटा होतो. 'आब्लार'मधून 'आर' काढून 'एऽ' जोडल्यास 'आब्लेऽ' हे रूप मिळते आणि ते स्पॅनिशमध्ये खरोखरच अस्तित्वात आहे, पण त्याचा अर्थ 'मी बोललो' किंवा 'मी बोलले' असा होतो. 'उद्या साहेबांशी बोलेन' असे सांगायला जाऊन 'बोललो' असे सांगून बसण्याची ही चूक आहे, आणि वाक्य व्याकरणदृष्ट्या सरळ दिसत असल्यामुळे ऐकणाऱ्याला ती लगेच लक्षातही येत नाही. माझ्या अनुभवात पहिल्या महिन्यातील सर्वांत जास्त चुका याच जातीच्या असतात. उपाय एकच आहे : भविष्यकाळाच्या रूपात 'र' ऐकू आला पाहिजे. नियमित असो वा अनियमित, स्पॅनिशमधील साध्या भविष्यकाळाच्या प्रत्येक रूपात प्रत्ययाच्या लगेच आधी 'र' असतोच.

४. सहांपैकी पाच रूपांवर रेघ आहे, मग 'आब्लारेमोस'वर का नाही?

ज्या स्पॅनिश शब्दाचा शेवट स्वराने, 'न'ने किंवा 'स'ने होतो, त्याचा जोर सहसा उपान्त्य अवयवावर, म्हणजे शेवटून दुसऱ्या उच्चारखंडावर, असतो, आणि तो तसा असल्यास काहीही चिन्ह लागत नाही. जोर अन्त्य अवयवावर गेला तर मात्र तो रेघेने दाखवावा लागतो. 'आब्लारेऽ', 'आब्लाराऽस', 'आब्लाराऽ', 'आब्लारेऽइस' आणि 'आब्लाराऽन' या पाचही रूपांत जोर अगदी शेवटी आहे, म्हणून रेघ येते. 'आब्लारेमोस'मध्ये जोर 'रे'वर म्हणजे उपान्त्य अवयवावर आहे आणि शब्द 'स'ने संपतो, म्हणजे तो सामान्य नियमातच बसतो. ही रेघ शोभेसाठी नाही. ती गाळल्यास काय होते ते प्रश्न १८मध्ये पाहावे.

५. बोलणारी स्त्री असेल तर रूप बदलते का?

बदलत नाही. 'आब्लारेऽ' हे स्त्रीही म्हणते आणि पुरुषही, जसे 'मी बोलेन' हे मराठीत दोघेही म्हणतात. हा प्रश्न बहुतेक वेळा ज्यांचे शिक्षण हिंदीतून झाले आहे त्यांच्याकडून येतो, कारण हिंदीत 'बोलूँगा' आणि 'बोलूँगी' वेगळे असतात.

६. 'आपण'साठी 'उस्तेद' वापरायचे, तर त्याच्यापुढे एकवचनी रूप कसे?

मराठीत आदर वाढला की क्रियापद अनेकवचनी होते : 'आपण उद्या याल का?' स्पॅनिशमध्ये आदरार्थी 'उस्तेद' तृतीय पुरुषी एकवचनी रूप घेतो, म्हणून 'उस्तेद आब्लाराऽ' असे म्हणावे लागते, 'उस्तेद आब्लारेऽइस' असे नाही. 'उस्तेद' हा शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या 'बुएस्त्रा मेर्सेद' या दोन शब्दांचा घासून झालेला अवशेष आहे हे लक्षात घेतले की कोडे सुटते, कारण समोरच्याशी न बोलता त्याच्या कृपेविषयी बोलल्यासारखे ते आहे. सासरेबुवा समोर बसलेले असताना जुन्या वळणाची सून 'मामंजी चहा घेतील का?' असे विचारत असे, त्याच तऱ्हेचा हा आडून आदर आहे. फरक इतकाच की मराठीने तेथेही अनेकवचन सोडलेले नाही.

७. 'बोसोत्रोस'ची रूपे पाठ करायलाच हवीत का? आणि अर्जेंटिनातील 'बोस'चे काय?

'बोसोत्रोस' स्पेनमध्ये रोजच्या बोलण्यात आहे. लॅटिन अमेरिकेत त्याऐवजी सर्वत्र 'उस्तेदेस' चालते आणि ते 'आब्लाराऽन' हे रूप घेते. केवळ मेक्सिको किंवा कोलंबियातील सहकाऱ्यांशी बोलायचे असेल तर 'आब्लारेऽइस' ओळखता आले तरी पुरते, परीक्षेला बसायचे असल्यास मात्र ते लिहिताही यायला हवे. अर्जेंटिनातील 'बोस', म्हणजे तेथील 'तू', वर्तमानकाळात वेगळे रूप घेतो, पण भविष्यकाळात तो 'तू'चेच रूप वापरतो : 'बोस आब्लाराऽस'. म्हणजे येथे नवीन काही शिकण्याची गरज नाही.

८. 'बोलणार नाही' याचे रूप तक्त्यात का नाही?

ते वेगळे नाहीच, म्हणून. मराठी भविष्यकाळ नकारात गेला की रूपच पालटतो, 'बोलेन'चा नकार 'बोलणार नाही' असा होतो, आणि त्यामुळे मराठी विद्यार्थी स्पॅनिशमध्येही नकाराचे स्वतंत्र रूप शोधत बसतो. स्पॅनिशमध्ये क्रियापदाच्या आधी 'नो' ठेवला की काम झाले : 'नो आब्लारेऽ'. प्रश्न विचारतानाही रूप तेच राहते, फक्त लिहिताना प्रश्नाच्या आरंभी उलटे प्रश्नचिन्ह द्यावे लागते.

९. 'ते', 'मला', 'स्वतःला' यांसारखी छोटी सर्वनामे कुठे ठेवायची?

साध्या भविष्यकाळात ती क्रियापदाच्या आधी आणि सुटी येतात : 'लो कोम्प्रारेऽ' (मी ते विकत घेईन), 'मे लेबान्तारेऽ' (मी उठेन). 'बोय आ' या रचनेत (ती प्रश्न १०मध्ये समजावली आहे) मात्र दोन जागा मोकळ्या आहेत, म्हणजे 'लो बोय आ कोम्प्रार' हेही बरोबर आणि 'बोय आ कोम्प्रार्लो' हेही बरोबर. सर्वनाम भविष्यकाळी रूपाच्या मागे चिकटवण्याचा प्रकार जुन्या ग्रंथांत भेटतो, पण आज लिहू नये. सर्वनाम रूपाच्या पोटात शिरण्याचा त्याहून जुना प्रकार प्रश्न १२मध्ये आहे.

१०. 'आब्लारेऽ' आणि 'बोय आ आब्लार' यांत फरक काय? स्पॅनिश लोक साधा भविष्यकाळ वापरतच नाहीत असे ऐकले, ते खरे आहे का?

अर्धे खरे आहे. बोलण्यात, आणि विशेषतः लॅटिन अमेरिकेत, ठरलेल्या किंवा जवळच्या गोष्टींसाठी 'बोय आ आब्लार' ही रचना फार पुढे गेली आहे. शब्दशः तिचा अर्थ 'मी बोलायला जातो' असा आहे, पण कोणी कुठे जात नसते. त्याशिवाय, वेळ ठरलेली असेल तर साधा वर्तमानकाळही चालतो : 'मान्याना आब्लो कोन एल'.

मराठी भाषकाने हे तीन पर्याय इंग्रजीच्या वाटेने समजून घेऊ नयेत, कारण आपल्या घरात तिन्ही आधीपासून आहेत. 'उद्या मी त्याच्याशी बोलतो' म्हणजे 'आब्लो', 'उद्या मी त्याच्याशी बोलणार आहे' म्हणजे 'बोय आ आब्लार', आणि 'मी त्याच्याशी बोलेन' म्हणजे 'आब्लारेऽ'. 'बोलणार आहे' यात ठरवलेला बेत आहे, तर 'बोलेन' यात आश्वासन आहे, थोडे अंतर आहे, आणि कधीकधी 'बघू' असा सूरही आहे. स्पॅनिशमध्येही साधा भविष्यकाळ वचन, भाकीत, औपचारिक घोषणा आणि दूरचा काळ यांकडे झुकतो. दोन्ही भाषांच्या सीमारेषा तंतोतंत जुळत नाहीत, परंतु शंका आल्यास मराठी वाक्य मनात म्हणून पाहावे आणि जे रूप सहज तोंडात येईल त्याचा जोडीदार निवडावा. बहुतेक वेळा तो बरोबर निघतो.

वर्तमानपत्रे, करारनामे, हवामानाचे अंदाज आणि सरकारी सूचना यांत साधा भविष्यकाळ भरपूर आढळतो, म्हणून तो वगळून चालणार नाही. आणि बोलण्यातही त्याने एक प्रांत पूर्णपणे आपल्याकडे राखला आहे, तो पुढच्या उत्तरात येतो.

११. 'एस्ताराऽ एन कासा' याचा अर्थ 'तो घरी असेल' असा होतो, पण वाक्य तर आत्ताबद्दलचे होते. मग भविष्यकाळ कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याने स्वतःच दिलेले आहे. 'तो कुठे आहे?' असे कोणी विचारले आणि आपल्याला नक्की ठाऊक नसले, तर आपणही 'घरी असेल' असेच म्हणतो. येथे 'असेल' उद्याविषयी नाही. ते आत्ताविषयी आहे, फक्त खात्रीने सांगितलेले नाही. स्पॅनिशचा साधा भविष्यकाळ नेमके हेच करतो. 'एस्ताऽ एन कासा' म्हणजे 'घरी आहे' आणि 'एस्ताराऽ एन कासा' म्हणजे 'घरी असेल'.

इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारी पुस्तके हा वापर शेवटच्या धड्यांत, विशेष प्रयोग म्हणून, जरा दबकत आणतात. मराठी वर्गात तो दुसऱ्याच दिवशी आणावा असे माझे ठाम मत आहे. 'के ओरा सेराऽ?' म्हणजे 'किती वाजले असतील?', 'सेराऽन लास ओचो' म्हणजे 'आठ वाजले असतील', 'दोन्दे एस्ताराऽन लास याबेस?' म्हणजे 'किल्ल्या कुठे असतील?' आणि 'तेन्द्राऽ क्वारेन्ता आन्योस' म्हणजे 'चाळिशीचा असेल'. यातील एकाही वाक्यासाठी मराठी विद्यार्थ्याला व्याकरणाचे स्पष्टीकरण लागत नाही. अंदाज घडून गेलेल्या गोष्टीचा असेल तर 'आबेर' या साहाय्यक क्रियापदाचा भविष्यकाळ आणि मुख्य क्रियापदाचे कृदन्त घ्यावे : 'आब्राऽ येगादो', म्हणजे 'पोहोचला असेल'. आपल्या 'पोहोचला असेल' यातही आधी कृदन्त आणि मग 'असणे'चा भविष्यकाळ आहे. क्रम तेवढा उलटा.

साम्य येथेच थांबत नाही. 'सेराऽ रिको, पेरो नो एस फेलिस' हे वाक्य 'तो श्रीमंत असेल' असे भाषांतरित करून पुष्कळ जण अडखळतात. त्याचे खरे मराठी 'असेल श्रीमंत, पण सुखी नाही' असे आहे. समोरच्याचे म्हणणे वादापुरते मान्य करून 'पण'ने ते खोडून काढण्याची ही लकब आहे, आणि दोन्ही भाषांत त्यासाठी भविष्यकाळच वापरला जातो. मराठीत आपण 'असेल' वाक्याच्या आरंभी आणतो, स्पॅनिशमध्येही 'सेराऽ' आरंभीच येतो.

एक अपवाद लक्षात ठेवावा. अंदाज भूतकाळातील एखाद्या क्षणाचा असेल, उदाहरणार्थ 'तो आला तेव्हा आठ वाजले असतील', तर मराठीत 'असतील' तसेच राहते, पण स्पॅनिश तेथे 'सेराऽन' सोडून 'सेरीऽआन' हे संकेतार्थी रूप घेते. हे रूप प्रश्न १९मध्ये पुन्हा भेटेल.

१२. हे सहा प्रत्यय आले कुठून?

ते प्रत्यय नव्हतेच. ते 'आबेर' या क्रियापदाचा वर्तमानकाळ आहेत. 'आबेर'ची वर्तमानकाळी रूपे अशी आहेत : ए, आस, आ, एमोस, आबेऽइस, आन. ती प्रश्न १मधील प्रत्ययांशेजारी ठेवून पाहावीत. रोमन लिपीत या रूपांच्या आरंभी एक अनुच्चारित अक्षर असते, त्यामुळे तेथे हे नाते झाकले जाते, पण देवनागरीत ते उघड्यावर येते. केवळ 'आबेऽइस'चा पुढचा भाग गळून 'एऽइस' उरला आहे.

अभिजात लॅटिनचा भविष्यकाळ वेगळा होता : 'आमाबो', म्हणजे मी प्रेम करीन. पुढे 'ब' आणि 'व' यांचे उच्चार एकमेकांत मिसळू लागले, तेव्हा 'तो प्रेम करील' आणि 'त्याने प्रेम केले' ही रूपे कानाला सारखीच वाटू लागली. असा भविष्यकाळ फार दिवस टिकणे कठीण होते. लोक 'कांतारे हाबेओ', म्हणजे 'मला गायचे आहे', अशी रचना वापरू लागले आणि तीच पुढे घट्ट होऊन 'कान्तारेऽ' झाली. आन्तोनियो दे नेब्रिहा यांनी १४९२मध्ये प्रसिद्ध केलेल्या कास्तिल भाषेच्या व्याकरणातच भविष्यकाळ हा कोशरूप आणि 'आबेर' यांच्या जोडणीने होतो असे नोंदवले आहे. मराठी विद्यार्थ्याला 'मला जायचे आहे' यापासून 'जाईन'पर्यंतचा हा प्रवास परका वाटू नये.

मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये हा सांधा अजून पक्का झाला नव्हता. त्यामुळे 'तुला सांगेन' यासाठी 'देसीर-ते-ए' असे लिहीत, म्हणजे सर्वनाम मधोमध बसत असे. आज त्याच अर्थी 'ते दिरेऽ' म्हणतात.

१३. मला पोर्तुगीज किंवा फ्रेंच थोडे येते. त्याचा उपयोग होईल का?

पुष्कळ होईल, कारण त्या भाषांचा भविष्यकाळही कोशरूपाला तेच क्रियापद जोडून तयार झाला आहे. गोव्यात ज्यांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून किंवा जुन्या कागदपत्रांतून औपचारिक पोर्तुगीज पाहिले असेल, त्यांना प्रश्न १२मधील मधोमध बसणारे सर्वनाम ओळखीचे वाटेल, कारण औपचारिक युरोपीय पोर्तुगीजने ते अजून जपले आहे. सावधगिरी इतकीच की पोर्तुगीजमध्ये भविष्यकाळी अनियमित क्रियापदे अगदी मोजकी आहेत, स्पॅनिशमध्ये त्यांहून जास्त. ती पुढच्या उत्तरात आहेत.

१४. अनियमित क्रियापदे किती आहेत आणि त्यांचे प्रत्यय वेगळे असतात का?

प्रत्यय वेगळे नसतात, अनियमित होतो तो फक्त पुढचा भाग. मूळ क्रियापदे बारा आहेत. पाचांचा मधला स्वर गळतो : पोदेर (पोद्रेऽ), केरेर (केर्रेऽ), साबेर (साब्रेऽ), काबेर (काब्रेऽ), आबेर (आब्रेऽ). पाचांत स्वराच्या जागी 'द' येतो : तेनेर (तेन्द्रेऽ), बेनीर (बेन्द्रेऽ), पोनेर (पोन्द्रेऽ), सालीर (साल्द्रेऽ), बालेर (बाल्द्रेऽ). उरलेली दोन आखडतात : देसीर (दिरेऽ), आसेर (आरेऽ). 'द' कोठून आला असे विचारणाऱ्याने 'बेन-रेऽ' असे भरभर म्हणून पाहावे. 'न' आणि 'र' यांच्यामध्ये जीभ आपोआप 'द' घालते.

यांच्यापासून बनलेली क्रियापदे सहसा त्याच वाटेने जातात, जसे मान्तेनेरचे मान्तेन्द्रेऽ आणि सुपोनेरचे सुपोन्द्रेऽ. अपवाद 'देसीर'च्या कुटुंबात आहे : बेन्देसीर (आशीर्वाद देणे) आणि माल्देसीर (शाप देणे) भविष्यकाळात नियमित चालतात, म्हणजे बेन्देसिरेऽ, माल्देसिरेऽ, तर प्रेदेसीर (भाकीत करणे) दोन्ही तऱ्हांनी मान्य आहे.

'केरेर'पाशी कान उघडे ठेवावेत. 'केरेमोस' म्हणजे 'आम्हाला हवे आहे' आणि 'केर्रेमोस' म्हणजे 'आम्हाला हवे असेल'. सगळा काळ एका जाड 'र'वर तोललेला आहे.

गंमत अशी की ज्या 'कोमेर'ला आपण नियमितपणाचा नमुना मानले, त्याचाही भविष्यकाळ मध्ययुगीन ग्रंथांत 'कोम्ब्रेऽ' असा आखडलेला सापडतो. ते रूप पुढे मागे पडले आणि 'कोमेरेऽ' टिकले.

१५. 'सेर' (असणे) आणि 'ईर' (जाणे) तर सर्वांत वाकडी क्रियापदे आहेत. ती या यादीत कशी नाहीत?

कारण भविष्यकाळात ती सरळ आहेत : सेरेऽ, इरेऽ. एस्तार, दार आणि बेर यांचेही तसेच. वर्तमानकाळात स्वर बदलणारी क्रियापदे येथे बदल विसरतात, म्हणून 'दुएर्मो' (मी झोपतो) पण 'दोर्मिरेऽ', 'पिदो' (मी मागतो) पण 'पेदिरेऽ'. एक बारीक गोष्ट शुद्धलेखनाची आहे. 'ओईऽर' (ऐकणे) आणि 'रेईऽर' (हसणे) यांच्या कोशरूपावरच रेघ असते. भविष्यकाळात जोर पुढे सरकतो आणि ती मूळची रेघ जाते : ओइरेऽ, रेइरेऽ, ओइरेमोस.

१६. 'तू आलास तर' आणि 'तू पोहोचशील तेव्हा' यांत भविष्यकाळ वापरायचा का?

नाही, दोन्ही ठिकाणी नाही, आणि कारणे वेगवेगळी आहेत. अटीच्या 'सि'नंतर साधा वर्तमानकाळ येतो : 'सि बिएनेस, कोमेरेमोस हुन्तोस' (तू आलास तर एकत्र जेवू). मराठीत येथे 'आलास' असे भूतकाळासारखे दिसणारे रूप येते किंवा 'येशील तर' असे भविष्यकाळी, आणि यातले कोणतेही स्पॅनिशमध्ये उचलून नेता येत नाही. वेळ सांगणाऱ्या 'क्वान्दो'नंतर, गोष्ट अजून घडायची असेल तर, सब्जंक्टिव्ह (न घडलेली किंवा केवळ कल्पिलेली गोष्ट सांगणारे क्रियापदाचे रूप) लागतो : 'क्वान्दो येगेस, आब्लारेमोस' (तू पोहोचलास की बोलू). मुख्य वाक्यातला भविष्यकाळ दोन्हीकडे जागच्या जागी आहे.

मात्र 'सि' आणि 'क्वान्दो' दिसताच भविष्यकाळ खोडणारे विद्यार्थी दुसऱ्या टोकाला जातात. 'नो सेऽ सि बेन्द्राऽ' (तो येईल की नाही ते ठाऊक नाही) हे बरोबर आहे, कारण येथे 'सि' अट घालत नाही, प्रश्न पोटात घेतो. 'क्वान्दो येगाराऽस?' (तू कधी पोहोचशील?) हाही सरळ प्रश्न आहे. कसोटी सोपी आहे : मराठीत 'तर' किंवा 'तेव्हा' लागत असेल तर भविष्यकाळ टाळावा, 'की नाही' किंवा 'कधी' लागत असेल तर तो खुशाल लिहावा.

१७. 'पुष्कळ लोक असतील' याचे 'आब्राऽन मुचास पेर्सोनास' होईल ना?

होणार नाही, 'आब्राऽ मुचास पेर्सोनास' होईल. 'आबेर' जेव्हा 'अमुक आहे' असे केवळ अस्तित्व सांगतो, तेव्हा तो संख्या कितीही असली तरी एकवचनीच राहतो. बोलण्यात काही प्रदेशांत 'आब्राऽन' ऐकू येते, पण प्रमाण लेखनात आणि परीक्षेत ती चूक धरली जाते. 'आब्राऽन येगादो' (ते पोहोचले असतील) हे मात्र निर्दोष आहे, कारण तेथे 'आबेर' साहाय्यक म्हणून आला आहे.

१८. रेघ द्यायला विसरलो तर इतके काय बिघडते? आणि 'आब्लारे' असे रेघेविना छापलेले कसे दिसते?

'आर' गटात रेघ गेली की काळच नव्हे, अर्थही बदलतो. 'आब्लाराऽ' म्हणजे 'तो बोलेल' आणि 'आब्लारा' म्हणजे 'तो बोलला असता तर' या तऱ्हेच्या वाक्यांत येणारे भूतकाळी सब्जंक्टिव्ह. 'आब्लाराऽस' व 'आब्लारास', 'आब्लाराऽन' व 'आब्लारान' या जोड्याही तशाच आहेत. 'एर' आणि 'ईर' गटांत ही अडचण येत नाही, कारण तेथे सब्जंक्टिव्हचे रूपच वेगळे, 'कोमिएरा', असते.

रेघेविना 'आब्लारे' हे भविष्यकाळी सब्जंक्टिव्ह आहे. रोजच्या भाषेतून ते नाहीसे झाले आहे, पण कायद्याच्या भाषेत टिकून आहे. स्पेनच्या १९९५च्या दंडसंहितेतील १३८वे कलम 'एल के मातारे आ ओत्रो सेराऽ कास्तिगादो' असे सुरू होते, म्हणजे 'जो कोणी दुसऱ्याला ठार मारील त्याला शिक्षा होईल', आणि पुढे दहा ते पंधरा वर्षांचा कारावास सांगितला आहे. एकाच वाक्यात 'मातारे' सब्जंक्टिव्ह आहे आणि 'सेराऽ' आपला साधा भविष्यकाळ. शेजारी बायबलमधील आज्ञा ठेवून पाहावी : 'नो माताराऽस'. तेथे साधा भविष्यकाळ आज्ञेचे काम करतो. मराठी त्या जागी 'खून करू नको' असे सरळ सांगते, भविष्यकाळाकडे जात नाही.

१९. 'तो येईन म्हणाला' याचे स्पॅनिश कसे करायचे?

मराठीत बोलणाऱ्याचे मूळ शब्द तसेच ठेवण्याची सोय आहे, म्हणून 'येईन' आणि 'म्हणाला' शेजारी नांदतात. स्पॅनिशमध्ये 'म्हणाला' भूतकाळी आणि येण्याची वेळही सांगणाऱ्याच्या दृष्टीने उलटून गेलेली असेल, तर 'बेन्द्रेऽ' तेथे राहू शकत नाही. 'दीहो के बेन्द्रीऽआ' असे म्हणावे लागते. हे संकेतार्थी रूप भविष्यकाळाच्याच अंगावर, म्हणजे नियमित क्रियापदांच्या पूर्ण कोशरूपावर आणि प्रश्न १४मधील बारांच्या बदललेल्या अंगावर, 'ईऽआ, ईऽआस, ईऽआ, ईऽआमोस, ईऽआइस, ईऽआन' हे प्रत्यय लावून होते. तो अजून यायचा असेल आणि आपण आजही त्याची वाट पाहत असू, तर 'दीहो के बेन्द्राऽ' हेही चालते. पुरुष मात्र दोन्ही वाक्यांत तृतीय असतो : मराठीतला 'येईन' पाहून 'बेन्द्रेऽ' लिहिले, तर वाक्याचा अर्थ 'मी येईन असे तो म्हणाला' असा होईल, आणि येणारा तो नसून आपण ठरू.